लाहोरची खबर, पुण्याचे दप्तर

पुण्यात पेशवे दप्तर ज्या कचेरीत ठेवलेले आहे, तिला इंग्रजी अमदानीत एलियनेशन ऑफिस म्हणत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, काही फारसी कागद सापडले. वाचणाऱ्यांना नवल वाटले, कारण ते कागद पुण्याबद्दल काही बोलतच नव्हते. ते बोलत होते लाहोरबद्दल. महाराजा रणजितसिंह सकाळी केव्हा उठले, दरबारात कोण हजर झाले, कोणाचे पत्र वाचून दाखवले गेले, कोणाला खिलत म्हणजे मानाचा पोशाख मिळाला, अटकेपलीकडून काय कानावर आले, असा रोजच्या रोज लिहिलेला वृत्तांत त्यांत होता. १८१० ते १८१७ या काळातल्या या अखबारांचे, म्हणजे दरबारी बातमीपत्रांचे, इंग्रजी भाषांतर गॅरेट आणि चोप्रा यांनी १९३५ मध्ये लाहोरहून प्रसिद्ध केले. पंजाबच्या इतिहासाचे एक अव्वल साधन मुळा-मुठेच्या काठी शंभराहून अधिक वर्षे बांधून पडले होते.

इतिहास शिकवणारा माणूस पहिल्यांदा आपल्या संगणकावर बातम्यांचे फीड लावतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर असेच काहीतरी येते. दहा-वीस वृत्तपत्रे आणि संस्थांची नावे एकदा भरून ठेवली की प्रत्येक ठिकाणची नवी नोंद आपोआप येऊन पडद्यावर एकीखाली एक लागते. दिल्लीतल्या निकालाखाली कोल्हापूरचा पूर, त्याखाली तेलाचे भाव. कुणी त्यांची संगती लावलेली नाही, कुणी निष्कर्ष काढलेला नाही. आधी वेगाचे आश्चर्य वाटते, मग या तुटकपणाचा त्रास होतो आणि थोड्या वेळाने ध्यानात येते की हा तुटकपणा आपल्या ओळखीचा आहे. ऐतिहासिक पत्रांचे छापील खंड ज्याने चाळले आहेत, त्याने हे पान आधी पाहिलेले असते.

दुरून सतत येत राहणाऱ्या बातम्यांचा ओघ बांधून घेणे, हा हिंदुस्थानातला जुना आणि पक्का धंदा होता. मोगलांनी त्याचे खातेच केले होते. सुभ्यासुभ्यांत वाकेनवीस असे. तो सरकारी बातमीदार, आणि आपण काय लिहितो हे तो बहुधा तिथल्या सुभेदारापासून लपवीत नसे. त्याच्यावर नजर म्हणून सवानेहनवीस, त्याहून वेगळा गुप्तपणे लिहिणारा खुफियानवीस, आणि शिवाय तोंडी किंवा लेखी खबर आणणारे हरकारे. एकाच घटनेच्या अनेक वाटांनी आलेल्या खबरा बादशहासमोर येत आणि एकाने दडवलेले दुसऱ्याच्या कागदात सापडे. एका उगमावर विसंबायचे नाही, हा नियम या व्यवस्थेच्या मुळाशीच होता.

ओघ उलट दिशेनेही वाही. बादशाही दरबारात रोज काय घडते, हे जाणून घेण्याची गरज मांडलिक राजांना असे. म्हणून आंबेरसारख्या दरबारांचे वकील राजधानीत राहत, दरबारचे अखबार उतरवून घेत आणि घरी पाठवत. आंबेरकरांच्या जयपूरच्या दप्तरात त्यांचे ढीग साचले. त्यांतले काही कर्नल जेम्स टॉडने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला दिले. पुढे इतिहासकार जदुनाथ सरकारांनी औरंगजेबाचा इतिहास लिहिताना त्यांचा भरपूर उपयोग केला.

या कागदांचे मोल मराठी वाचकाला पटवायचे तर १६६६ मधल्या आग्र्याकडे जावे. १२ मे रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले आणि ऑगस्टमध्ये पहाऱ्यातून निसटले. या तीन महिन्यांची कहाणी बखरींनी सांगितली, पण त्यांतली सर्वांत जुनी सभासदाची बखरसुद्धा तीस वर्षांनी, जिंजीला लिहिली गेली. त्याउलट परकालदास नावाचा आंबेरचा एक कारकून त्या दिवसांत आग्र्यातच होता आणि कल्याणदास या आपल्या वरिष्ठाला राजस्थानी बोलीत पत्रांमागून पत्रे पाठवत होता. महाराजांबरोबर किती लोक आहेत, कोणत्या रंगाचे निशाण आहे, ते दिसतात कसे, आंबेरच्या राजपुत्र रामसिंहाची मनःस्थिती काय आहे, शहरात लोक काय बोलतात, हे सारे त्याने लिहिले. शरीराने लहानसर आणि गोरा असलेला हा माणूस कोण आहे हे ठाऊक नसले तरी राजा आहे हे कळते, अशा आशयाचे वर्णन त्याचेच. परकालदासाला आपण इतिहास लिहितो आहोत याची कल्पना नव्हती. उद्या काय होणार, हे त्याला माहीत नव्हते. म्हणूनच त्याच्या पत्रांत पश्चातबुद्धीची छटा नाही, आणि शिवचरित्राच्या अभ्यासकाला बखरीपेक्षा ती अधिक विश्वासाची वाटतात.

अठराव्या शतकात हीच व्यवस्था मराठ्यांनी आपल्या गरजेप्रमाणे वळवून घेतली. दिल्लीला हिंगणे घराणे पेशव्यांची वकिली करी, निजामाकडे गोविंदराव काळे असत. वकिलाचे मुख्य काम वाटाघाटी, पण रोजचे काम खबर पाठवणे. ही पत्रे जासुदांच्या जोड्या नेत. निकडीचे पत्र असले तर ठरलेल्या मुदतीत पोहोचवण्याच्या बोलीवर अजुरा म्हणजे मजुरी ठरवून माणसे धाडत. आजही ही पत्रे वाचताना एक गोष्ट मनात भरते. पक्के वर्तमान कोणते आणि बाजारात उठलेली आवई कोणती, याचा फरक चांगला वकील पत्रातच करून ठेवतो. ऐकीव आहे, अमक्याच्या तोंडचे आहे, शहानिशा करून मागाहून लिहितो, अशी सावध वळणे या पत्रव्यवहारात जागोजाग भेटतात. बातमी पाठवण्याइतकेच तिचे वजन सांगणेही आपले काम आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

पण त्या काळच्या दप्तरी शिस्तीतली सर्वांत मोलाची गोष्ट पत्र पोहोचल्यावर घडे. कारकून त्यावर पैवस्ती मांडी, म्हणजे ते कोणत्या तारखेला, कोणत्या मुक्कामी हाती आले याची नोंद करी. एका कागदावर दोन काळ नोंदले जात: खबर निघाली तो आणि खबर कळली तो. इतिहास समजून घेताना या दोहोंतले अंतर कित्येकदा खबरीपेक्षाही मोलाचे ठरते.

पानिपताचे उदाहरण घ्यावे. अब्दालीने रसद तोडली तशी मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब यांची पत्रेही तोडली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते, पण डिसेंबर १७६० मध्ये ते पैठणला नव्या लग्नाच्या मांडवात होते. त्यांना पुढे फार दूषणे दिली गेली. दूषण द्यावे की न द्यावे हे ठरवायचे तर त्या दिवशी त्यांच्या हाती नेमक्या कोणत्या खबरा होत्या, हे आधी पाहिले पाहिजे. आणि ते पैवस्त्यांवाचून कळत नाही. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. त्यानंतर दहाएक दिवसांनी नर्मदेपलीकडे भेलशाच्या बाजूला पेशव्यांना अनर्थाची पहिली खबर लागली, ती वकिलाकडून किंवा सरदाराकडून नव्हे. एका सावकारी पत्रातून लागली. दोन मोती गेले, मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याला हिशेब नाही, अशा व्यापारी सांकेतिक भाषेत ते लिहिलेले होते. सरकारी टपाल कोलमडले असताना पेढ्यांचे टपाल चालू राहिले, कारण हुंड्यांचा व्यवहार खबरीवर चाले आणि सावकाराला खोटी खबर परवडत नसे. बातमी कोण पाठवतो याइतकेच ती चुकली तर त्याचे काय बुडते, हेही पाहावे. ते या पत्रातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते.

हा सारा ओघ दप्तरांत आटून गेला आणि शंभर वर्षांनी तो पुन्हा वाहता करायला पुढे आले, त्यांत एक शाळामास्तर होता. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत. पटवर्धन सरदारांची दप्तरे त्यांच्या हाताशी होती. पुण्याहून, छावण्यांतून, कर्नाटकच्या स्वाऱ्यांवरून घरी आलेली हजारो मोडी पत्रे. शाळा सांभाळून त्यांनी ती वाचली, निवडली, देवनागरीत उतरवली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडामागून खंड काढले. अडचण मोठी होती. पत्रांवर मुसलमानी महिन्याची तारीख असे, पण साल बहुधा नसे. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला चालू साल ठाऊकच असे. ते नंतरच्या माणसाला कोण सांगणार? मजकुरातल्या मुक्कामांवरून, मृत्यूंवरून, मोहिमांवरून खऱ्यांनी एकेका पत्राचे साल ठरवले, त्यांना काळाच्या क्रमाने लावले आणि प्रत्येक प्रकरणाआधी त्याची हकीकत सांगणारी प्रस्तावना लिहिली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला. मराठ्यांच्या इतिहासलेखनाने तिथून वेगळे वळण घेतले. ते वळण ज्या कामावर उभे आहे, ते काम म्हणजे सुटलेल्या बातम्यांना त्यांची तारीख आणि जागा परत मिळवून देणे. खरे १९२४ मध्ये गेले तोवर त्यांनी केलेला हा संग्रह पाहिला की शिक्षकी पेशातला माणूस किती मोठे काम करून जातो, याचा मनापासून अभिमान वाटतो.

मधल्या काळात बातमीचा धंदा छापखान्याकडे गेला होता. तिथेही आरंभी शिक्षकच होते. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत, ताम्रपट वाचत आणि मुलांसाठी इतिहासाची पुस्तके लिहीत. ‘दर्पण’ मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत शेजारी शेजारी छापले जाई. विलायतेच्या बातम्या अजून जहाजांवर अवलंबून होत्या. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये मुंबईहून सुएझला महिन्याभरात पोहोचली, तर केवढे कौतुक झाले. १८६६ मध्ये रॉयटरने मुंबईत कचेरी उघडली, १८७० मध्ये समुद्राखालची तार सुएझ-एडनमार्गे मुंबईला येऊन मिळाली, आणि महिन्यांचे अंतर तासांवर आले.

तारेने वेग दिला, पण उगम मात्र थोडे उरले. मोगल बादशहा एका सुभ्यातून चार माणसांकडून खबर घेई. तारेच्या युगात शेकडो वर्तमानपत्रे दोन-तीन वृत्तसंस्थांवर जगू लागली. १९४९ मध्ये काम सुरू करणाऱ्या पीटीआयने आणि १९६१ मध्ये आलेल्या यूएनआयने देशाला स्वतःच्या वृत्तसंस्था दिल्या, हे मोठेच काम झाले. पण नळ मोजकेच असले की ते एका हाताने फिरवता येतात. आणीबाणीत, फेब्रुवारी १९७६ मध्ये, पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही संस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था करण्यात आली. १९७८ मध्ये ती पुन्हा विभागली गेली. मधल्या दोन वर्षांतल्या वर्तमानपत्रांवर संशोधन करणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावे की वेगवेगळ्या नावांच्या पानांमागे एकच टेलिप्रिंटर टकटकत होता.

संगणकावरचे फीड जन्मले ते १९९९ च्या मार्चमध्ये, नेटस्केप कंपनीत. वाचकाने आपल्या आवडीच्या ठिकाणांचे मथळे एका पानावर लावून घ्यावेत, यासाठी डॅन लिबी आणि मद्रासच्या आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा यांनी आरएसएस या आद्याक्षरांचा एक साधा साचा तयार केला: मथळा, दुवा, थोडक्यात मजकूर. त्याच वर्षीच्या पुढच्या आवृत्तीत एका फीडमध्ये १५ च नोंदी मावत. सोळावी आली की पहिली गळून पडे. नेटस्केपने हात काढून घेतल्यावर डेव्ह वाइनर यांनी ते काम पुढे नेले. २००२ मध्ये आरएसएसची २.० ही आवृत्ती आली आणि त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या बातम्या फीडमधून द्यायला सुरुवात केली, तेव्हा इतर वर्तमानपत्रेही या वाटेने आली.

दप्तराची सवय असलेल्या नजरेला या साच्याच्या नियमांत एक उणीव लगेच दिसते. आरएसएस २.० मध्ये नोंदीला मथळा किंवा मजकूर यांपैकी काहीतरी असलेच पाहिजे. प्रसिद्धीची तारीख आणि लेखकाचे नाव मात्र दिले तर दिले. साल न घातलेल्या मोडी पत्रांशी झगडणाऱ्या खऱ्यांना हे वाचून काय वाटले असते, ते सांगायला नको. ही उणीव ज्यांना खुपली, त्यांनी ‘ॲटम’ हा दुसरा साचा रचला. डिसेंबर २००५ मध्ये मान्य झालेल्या त्याच्या नियमांनुसार प्रत्येक नोंदीला स्वतःची कायमची ओळख आणि शेवटच्या बदलाची वेळ द्यावीच लागते. लेखकाचे नाव नोंदीवर किंवा निदान फीडवर असावे लागते. आणि प्रथम प्रसिद्धीची वेळ निराळी नोंदवण्याची सोय आहे. बातमी केव्हा निघाली आणि केव्हा बदलली हे वेगळे ठेवण्याची ही शिस्त म्हणजे पैवस्तीचीच बहीण.

मराठी वाचकाला या सोयीसाठी थोडे थांबावे लागले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे काही वर्षे मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळे आपापले वेगळे फाँट वापरत. एकाचा मजकूर दुसऱ्या ठिकाणी नेला की अक्षरांचा नुसता राडा होई, त्यामुळे फीडमध्ये मराठी मथळे एकत्र वाचणे अशक्यच होते. युनिकोड ही सामायिक अक्षरसंकेतांची पद्धत रुळली तसा हा अडथळा गेला. आज मराठी दैनिकांच्या जोडीला २ ऑक्टोबर २०१७ पासून चालणारी बीबीसी मराठीही एकाच पानावर लावता येते. एकाच घटनेवर मुंबईचे दैनिक, कोल्हापूरचे दैनिक आणि लंडनची संस्था काय लिहिते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येणे ही इतिहासाच्या शिक्षकाला मिळालेली फार मोठी देणगी आहे. बादशहालाच परवडणारी चौकशी आता नववीच्या वर्गाला करता येते.

पण याच वर्षांत ओघाचे स्वरूप बदलले. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने ‘न्यूज फीड’ आणले आणि काही वर्षांत त्यात काय आधी दिसावे हे काळ ठरवीनासा झाला. कोण किती वेळ थांबतो, कशावर बोट टेकवतो यावर यंत्र क्रम लावू लागले. ट्विटरने २०१६ मध्ये तीच वाट धरली. काळाच्या क्रमाने वाचणाऱ्यांचे सर्वांत लाडके साधन, २००५ मध्ये सुरू झालेले गुगल रीडर, १ जुलै २०१३ ला बंद पडले. लोकांनी त्यात वर्षानुवर्षे साठवलेल्या नोंदींतल्या कित्येक तिथेच संपल्या.

इतिहासाच्या शिक्षकाने याविषयी स्पष्ट मत द्यायला हवे. क्रम मोडलेला, उगम पुसलेला आणि तारीख लपवलेला ओघ हा अखबार नाही. ती आवई आहे, मग ती कितीही वेगाने येवो. तीन वर्षांपूर्वीच्या पुराचे छायाचित्र आजचे म्हणून मोबाइलवर फिरते, तेव्हा चित्र बहुतेक वेळा खरेच असते. खोटी असते ती तारीख. अशा प्रसंगी मुलांना ‘सोशल मीडियावर विश्वास ठेवू नका’ असे मोघम सांगून काही साधत नाही. त्यांना विचारायला शिकवावे लागते: हे कोणी पाठवले, तो तिथे होता का, कधी लिहिले, मला कधी कळले, आणि हे खोटे ठरले तर पाठवणाऱ्याचे काय बुडते? नानासाहेबांच्या दप्तरातल्या कारकुनाला यांतले निम्मे प्रश्न विचारावेही लागत नसत; कागदावर उत्तरे असत.

हे शाळेत करता येते आणि त्याला खर्चही नाही. आपल्या गावाशी संबंध असलेली एखादी चालू घटना निवडावी, धरणाचे पाणी सोडणे, रस्त्यासाठी जमीन जाणे, बाजार समितीची निवडणूक. चार वेगळ्या ठिकाणची फीड लावावीत. रोज एका मुलाने वहीत प्रत्येक नोंदीचा मथळा, ती कोठून आली, प्रसिद्धीची वेळ आणि वर्गाने वाचल्याची वेळ लिहावी. मथळा नंतर बदलला तर जुना खोडू नये, नवा त्याखाली लिहावा. शक्य असेल तिथे वर्गातल्या एखाद्याने प्रत्यक्ष जाऊन पाहून आलेले शेजारी लिहावे. वर्ष संपल्यावर ही वही रद्दीत जाऊ देऊ नये. तिच्यावर साल घालून, पहिल्या पानावर गावाचे आणि लिहिणाऱ्या मुलांचे नाव टाकून ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी.